पासंगाला मुसळी

"किती भरले असतील हो?" भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला.

कांदेनवमीची सकाळ. मागच्या ओट्यावर मी भज्यांचे कांदे चिरत बसले होते, डोळ्यांतून धारा लागलेल्या. परातीकडे बघून म्हटलं, "असतील दोन-सव्वादोन किलो."

"कांदे नाही हो ताई. आमचे हे."

मखमलाबाद रोडला आमची आणि वहिनींची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये छातीएवढी भिंत, आणि भिंतीवर वहिनींचा शेवगा असा रेललेला, की बुंधा त्यांच्या हद्दीत आणि निम्म्या शेंगा आमच्या. बत्तीस वर्षांत त्यावरून एकदाही वाद झाला नाही. शेंगा निम्म्या-निम्म्या, पाला लागेल तितका आणि बातम्या सगळ्या, असा आमचा तोंडी करार आहे.

तर बातमी अशी होती, की वहिनींच्या मुलीनं बंगळुरूहून वजनाचा काटा पाठवला होता. काचेचा, चपटा, अंधारात निळे आकडे दाखवणारा. नुसतं वजन सांगून गप्प बसेल तर तो काटा कसला! अंगात चरबी किती, पाणी किती, हाडं किती, हेही सांगतो. वर 'शरीराचं वय' म्हणून एक आकडा दाखवतो. भाऊजी एकसष्ट वर्षांचे, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. काट्यानं त्यांचं वय चौऱ्याहत्तर सांगितलं.

"मग त्याचं काय चुकलं?" वहिनी म्हणाल्या. "घरात वागतात तसंच."

आता आमच्याकडे वजनाचा विषय निघाला, की आरामखुर्चीतून उत्तर येणारच. आमचे हे वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. पुढे खात्याचं नाव वैधमापन झालं, पण गल्लीत हे इन्स्पेक्टरच राहिले. सगळी नोकरी व्यापाऱ्यांचे तराजू तपासण्यात गेली. लग्नानंतर आम्ही जिथे जिथे फिरायला गेलो, तिथे तिथे दुकानदारांनी आम्हाला चहा पाजला आणि हे गेल्यावर सुटकेचा श्वास सोडला. आतूनच म्हणाले, "काटा कशावर ठेवलाय?"

"सतरंजीवर."

"मग सतरंजीचं वजन बघा. टणक, सपाट फरशी पाहिजे. सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. रोज तीच वेळ. आणि ते चरबी-पाणी वगैरे मनावर घेऊ नका. पायातून बारीकशी वीज सोडतात. पाण्यातून ती सुळकन जाते, चरबीत अडखळते, त्यावरून सगळा अंदाज. तांब्याभर पाणी पिऊन उभं राहिलं तरी आकडा हलतो. वजन तेवढं खरं, बाकी ज्योतिष."

ज्योतिष म्हटल्यावर मला नाशिकरोडच्या फलाटावरचं ते मोठं यंत्र आठवलं. लाल-पिवळे दिवे, आत गरगरणारं चाक. नाणं टाकलं की खडखड आवाज होऊन एक जाड तिकीट पडायचं. एका अंगाला वजन, दुसऱ्या अंगाला भविष्य. लग्नाआधी मी उभी राहिले तेव्हा ४६ किलो आले होते आणि मागे परदेशगमनाचा योग. वजन तेव्हा बरोबर असणार. परदेश म्हणजे मखमलाबाद निघालं.

वहिनींच्या सासूबाई, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या आजी, पलीकडच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. अठ्ठ्याऐंशीच्या, निफाडकडच्या, कानानं तिखट. त्या म्हणाल्या, "काय किलू किलू करू राह्यल्या? आमच्या येळेला मण व्हता. लगनात मी मणभर बी नव्हते."

इन्स्पेक्टरांना एवढं पुरे. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम. ४० शेरांचा मण, म्हणजे ३७ किलोच्या थोडं वर. किलोची वजनं बाजारात आली ती १९५८ पासून. खात्यातली जुनी माणसं त्यांना सांगायची, गावोगावच्या म्हाताऱ्या नव्या वजनाकडे सावत्र पोरासारखं बघायच्या. "भाऊजी किती म्हणालात? ८८? म्हणजे दोन मण चौदा शेर."

पलीकडे खिडकीत खाकरल्याचा आवाज झाला. भाऊजी ऐकत होते.

वजन मोजायला काटाच लागतो असं नाही म्हणा. गोदेला पूर आला की नाशिककर मीटर बघायला जात नाहीत. रामकुंडाशी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, एवढं कळलं की शहराला पुराचा अंदाज येतो. वहिनींचा दुतोंड्या म्हणजे ब्लाउजचा तिसरा हूक. त्या म्हणतात, तो लागेनासा झाला की गौरीपर्यंत भात बंद.

पण त्या दिवशी वहिनींना सांगायचं होतं ते वजनाचं नव्हतंच. इकडेतिकडे बघून त्या भिंतीला टेकल्या. "ताई, ह्यांनी डबा आणलाय."

"कसला?"

"ताकदीचा."

मी सुरी खाली ठेवली. सकाळच्या फिरण्याच्या कंपूतल्या कुणीतरी दिला म्हणे, अडीच हजारांचा. डब्यावर उधळलेले सात घोडे. आत सफेद मुसळी, अश्वगंधा, कवचबीज, गोखरू, शतावरी. कशासाठी घ्यायचा, ते कुठेच सरळ लिहिलेलं नाही. जोम, जोश, उमेद असले शब्द, आणि घोडे. बाकी आपण समजून घ्यायचं.

"सरळ लिहिता येत नाही," आतून खुलासा आला. भिंतीशी कुजबुजलेलं ह्यांना ऐकू येतं, भाजी आणायला सांगितलेलं ऐकू येत नाही. "१९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा. त्या बाबतीतली शक्ती वाढवतो अशी जाहिरात करायला बंदी. आणि त्याच कायद्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तो बरा करतो म्हणूनही छापता येत नाही. म्हणून एकजण घोडे काढतो, दुसरा बारीक बाईचं चित्र काढतो."

बघा, सरकारनं या दोन गोष्टी एकाच कायद्यात कोंबल्या. का, ते आम्हाला पुढे दसऱ्याच्या सुमाराला कळलं.

डब्याहून मला त्याबरोबरचं पथ्य भारी वाटलं. चमचाभर पूड, पेलाभर म्हशीच्या दुधात, वर दोन चमचे तूप आणि खडीसाखर, सकाळ-संध्याकाळ. शिवाय त्या मित्राच्याच सल्ल्यानं उडदाचे लाडू. अक्षय्यतृतीयेला भाऊजी ८२ किलो होते, आषाढात ८८. "सहा किलो ताकद आली," वहिनी म्हणाल्या, "पोटावर बसलीय सगळी."

गंमत सांगते. त्याच आठवड्यात पेठ-सुरगाण्याकडच्या बाया पंचवटीत रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. पहिल्या पावसाची फोडशी आली होती, लांब गवतासारखी पानं, खाली पांढरा दांडा. मी वीस रुपयांच्या दोन जुड्या आणल्या, आतला जून भाग काढून टाकला, कांद्यावर परतून बेसन पेरलं. ही फोडशी म्हणजे मुसळीचाच पाला. वर पानं, खाली मातीत ती पांढरी मुळं. पानं फुटपाथवर वीस रुपयांना, मुळं घोड्यांच्या डब्यात अडीच हजारांना. त्या बायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पावसाळाभर ही भाजी खातात, पण त्यावरून कुणी कधी डोळा मिचकावला नाही. आणि या मुसळीचं शास्त्रीय नाव ठाऊक आहे? क्लोरोफायटम बोरिविलिएनम. आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून, फादर सांतापाव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ठेवलेलं. मी वहिनींना म्हटलं, तुमच्या घोड्यांचा तबेला बोरिवलीला आहे. त्या इतक्या हसल्या की शेवग्याची फांदी हलली.

मग काय, विषय सुटला. कांदाच घ्या. आपण नाशिकचे, लासलगावचं मार्केट इथून तासा-दीड तासावर, कांदा आपल्याला भावावरून माहीत. पण जुन्या लोकांच्या लेखी तो कामाला चेतवणारा. वैद्य त्याला वृष्य म्हणतात. पांढऱ्या कांद्याचा रस, मध आणि तूप हा नुसखा तर मी तीन जणांच्या तोंडून ऐकलाय आणि तिघांनीही दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर सांगितला. म्हणून चातुर्मासात कांदा-लसूण बंद. म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी नवमीला घरातला कांदा एकदाचा संपवायचा, भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे, जे जमेल ते.

आमच्या माहेरी एक आत्तेआजी होत्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. तेव्हापासून जाईपर्यंत, म्हणजे साठ वर्षं, त्यांनी कांदा तोंडात घातला नाही. लसूण नाही, मसूर नाही, विडा तर नाहीच. कांदेनवमीला सगळ्या घरासाठी भजी त्याच तळायच्या. वास घ्यायचा, चव नाही. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्हाला आवडत नाही का? त्या म्हणाल्या, आवडतो की नाही हे आठवत नाही आता.

हे मी त्या दिवशी भिंतीशी सांगितलं. आजींचे लसूण सोलणारे हात थांबले. "मी चौतिसाव्या वर्षी राह्यले बिनधन्याची," त्या म्हणाल्या. "चार पोरं. येरवाळी वावरात जायाचं. फडक्यात दोन भाकरी आन् एक कांदा. बुक्की मारून फोडायचा. कांदा नको म्हनायला भाजी पायजे ना दुसरी."

म्हणजे भिंतीच्या या बाजूला कांदा बाईला बिघडवत होता आणि त्या बाजूला तोच तिला जगवत होता. कांदा एकच, निफाडचाच. मला तर वाटतं, कुठला पदार्थ 'तसला' आहे हे पदार्थावरून ठरतच नाही. तो कुणी खाल्ला तर कुणाला धास्ती वाटते, त्यावरून ठरतं. विडा बघा ना. ब्रह्मचाऱ्याला नको, संन्याशाला नको, विधवेला नको, आणि नव्या जोडप्यापुढे मात्र तबकच. पानपट्टीवाल्यानं तर एका विड्याला 'पलंगतोड' असं नाव देऊन ठेवलंय. पलंग कुणाचा मोडल्याचं ऐकिवात नाही, दातांचा मात्र चुना झालेला बघते मी.

आणि आमच्या डोक्यावरचा हा शेवगा! मुलाच्या चेन्नईच्या सासूबाई आल्या होत्या. आमटीत शेंगा बघून विहीणबाई लाजल्या. मला कळेना. मग सुनेनं सांगितलं, तिकडे १९८३ मध्ये भाग्यराज यांचा 'मुंदानै मुडिच्चु' नावाचा सिनेमा आला, त्यात नवऱ्याला वश करायला नायिका शेवग्याच्या शेंगांचा मारा करते. तेव्हापासून अख्ख्या तमिळनाडूत शेंग म्हटलं की हशा. मी म्हटलं, आम्ही बत्तीस वर्षं दर आठवड्याला दोन्ही घरांत खातोय. परिणाम म्हणाल तर ताटाशेजारी चोथ्याचा ढीग.

यावर वहिनी खिडकीकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "शेंगा फुकट आहेत हो आपल्याकडे. अडीच हजार पडत नाहीत." खिडकी लागली.

चातुर्मासात वाचायला म्हणून मी सार्वजनिक वाचनालयातून चरकाचं भाषांतर आणलं. १८४० पासूनची संस्था आपली, तिथे म्हाताऱ्या बाईनं कुठलंही पुस्तक मागितलं तरी कुणी भुवई उंचावत नाही. चिकित्सास्थानातला दुसराच अध्याय वाजीकरणाचा. वाजी म्हणजे घोडा, डब्यावरचे घोडे तिथूनच उधळलेत. बघते तर पानापानावर दूध, तूप, उडीद, साखर, मांसरस. कामसूत्राच्या शेवटच्या प्रकरणातही तेच, उडीद दुधात धुऊन, तुपात परतून त्याची खीर. मला पहिल्यांदा वाटलं, हे तर बाळंतिणीचं जेवण!

आणि मग ध्यानात आलं. ज्या काळी दुष्काळ दारात उभा असायचा, लोक एकवेळ जेवायचे, तेव्हा दूध-तूप-उडीद रोज मिळाले तर माणसात जोम येणारच, सगळ्याच बाबतीत. उपाशी गाडीवानाला खीर दिली तर तो घोड्यासारखा पळेल. पण भाऊजींना कशाची उणीव होती? सकाळी मिसळ, दुपारी भात, संध्याकाळी कंपूबरोबर जिलबी. भरल्या पोत्यात आणखी धान्य कोंबल्यानं पोतं पळत नाही.

आणि त्याच चरकानं सूत्रस्थानात काय लिहून ठेवलंय बघा. फार जाड माणसाचे आठ दोष सांगितलेत. आयुष्य घटतं, हालचाल मंदावते, घाम, दुर्गंध, अशक्तपणा, भूक आणि तहान आवरत नाही. आणि आठांतला एक दोष म्हणजे तेच, ज्यासाठी भाऊजींनी डबा आणला होता. ते जमणं कठीण होतं म्हणतो. म्हणजे डबेवाल्यानं चरकाचा एकच अध्याय उघडला, दुसरा मिटूनच ठेवला.

आणखी एक सांगते, ते वाचून मी पुस्तक छातीशी धरलं. कुठल्या कामाला कुठली गोष्ट सर्वांत श्रेष्ठ, याची एक लांबलचक यादी त्यानं दिलीय. त्यात वृष्य गोष्टींत श्रेष्ठ म्हणून ना मुसळी, ना उडीद. मनातली इच्छा, संकल्प, हे श्रेष्ठ. आणि उलट बाजूनं सर्वांत वाईट काय? मनाची खिन्नता. वाजीकरणाच्या अध्यायातही सगळ्यात वरचं वाजीकरण म्हणून तो मन रमवणाऱ्या स्त्रीचं नाव घेतो. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या भांडी विसळत होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि त्या स्त्रीचं मन कशानं रमतं, ते लिहिलंय का त्यात?"

मी पानं उलटून बघते म्हटलं. डिंक, अळीव, मेथी, खारीक हे बाईच्या वाट्याला येतं बाळंतपणानंतर, दूध यावं म्हणून. घोड्याचा डबा तिच्यासाठी कुणी काढलेला नाही. काढावा असंही मला म्हणायचं नाही. पण पडल्या पडल्या विचार येतो.

गणपतीत दोन्ही घरांचे सगळे भिंतीशी जमले आणि इन्स्पेक्टर रंगात आले. तुळेवर सुरू झाले. शिवरायांनी १६६५ च्या ६ जानेवारीला, ग्रहणाच्या पर्वकाळी, महाबळेश्वरला जिजाऊसाहेबांची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. १६७४ ला राज्याभिषेकाच्या आधी महाराजांची तुला झाली तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. त्यानं टिपून ठेवलं, सोळा हजारांच्या आसपास होन लागले. अन् १९४६ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली तेव्हा ते दोनशे साडेत्रेचाळीस पौंड, म्हणजे ११० किलो भरले. हे ऐकून भाऊजींना फार बरं वाटलं. "म्हणजे आम्ही काहीच नाही," म्हणाले.

"पासंगालाही पुरणार नाही तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "पण हिरे कोण घालतंय दुसऱ्या पारड्यात?"

पासंग हा शब्द आता पोरांना सांगावा लागतो. रिकाम्या तराजूची पारडी समान व्हावीत म्हणून दांडीला बांधायचा तो बारीकसा तुकडा. यांच्या तपासणीत निम्मी लबाडी त्या तुकड्यातच सापडायची.

इन्स्पेक्टरांनी इटलीतल्या सांतोरिओचीही गोष्ट सांगितली. हा पदुआचा वैद्य काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा, आणि तीसेक वर्षं त्यानं स्वतःचं, अन्नाचं आणि मलमूत्राचं वजन करून ठेवलं. १६१४ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. खाल्लेलं आणि बाहेर टाकलेलं यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यानं ताडलं की कातडीतून न दिसणारा घाम जातोय. वहिनींनी विचारलं, "त्याची बायको काय म्हणायची?" यावर इन्स्पेक्टरांकडे माहिती नव्हती.

लासलगावला ट्रॅक्टर काट्यावर जसा दोनदा जातो, आधी भरलेला, मग रिकामा, तसं आम्ही नातवाचं वजन केलं. भाऊजी त्याला घेऊन उभे राहिले, मग एकटे. नातू चौदा किलो. पण त्या नादात सगळ्यांनी आकडा बघितला. भाऊजी ८४.

"चार उतरले!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डबा तर चालूच होता, लाडूही. मग श्रेय डब्याला. दसऱ्याला ८१. पँट कमरेवरून घसरायला लागली. फिरायच्या कंपूत आणखी चार जणांनी डबे मागवले म्हणे. भाऊजी छाती काढून चालायचे, फक्त चालता चालता मध्येच टेकायचे.

याच दिवसांत मी यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांची गोष्ट सांगत होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, तो जो बीएमआय म्हणतात तो दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. दिसायला किडकिडीत, आतून लोणी. आपल्याकडच्या माणसांना साखर लवकर का गाठते, त्याचं एक कारण हे. काट्यावरचा आकडा एकच, अर्थ दोन.

वहिनी ऐकत होत्या. आजी मध्येच म्हणाल्या, "ते राहू द्या. मोरीत मुंग्या का लागू राह्यल्या, ते सांगा आधी."

"कुठल्या मुंग्या?"

"ह्यो रातचा चार येळा उठू राह्यला. तांब्या तांब्या पाणी पिऊ राह्यला. आन् सकाळी मोरीत मुंग्यांची रांग. माझ्या दिराचं असंच व्हतं."

वहिनींचा चेहरा एकदम उतरला. इन्स्पेक्टर खुर्चीतून उठले, जे क्वचित होतं, आणि भिंतीशी येऊन म्हणाले, "उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. लाडू खाऊन कुणी बारीक होत नसतं. काटा बरोबर होता, आपण चुकीचा वाचला."

साखर निघाली २३८, उपाशीपोटी. रक्तातली साखर कामाला येत नव्हती, लघवीवाटे निघून चालली होती, आणि अंग स्वतःलाच जाळून खात होतं. डब्यानं वजन उतरलं नव्हतं. उलट तूप-खडीसाखरेनं आगीत तेलच ओतलं.

पुढचं वहिनींनी मला दोन दिवसांनी सांगितलं, आवाज अगदी खाली आणून. डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, तसला त्रास कधीपासून? भाऊजींनी मान खाली घालून सांगितलं, दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच यायला हवं होतं. साखर बारीक रक्तवाहिन्यांना आणि नसांना आधी धरते, त्यामुळे पुष्कळदा पहिली खूण तिथेच दिसते. काहींच्या बाबतीत तर हृदयाच्या दुखण्याचीही.

"दोन वर्षं," वहिनी म्हणाल्या. "फिरायच्या कंपूला सांगितलं. मला नाही."

मी काही बोलले नाही. भिंतीवरून त्यांच्या हातावर हात ठेवला. शेवग्याची पिवळी पानं टपटप पडत होती.

मग दिवाळीपर्यंत त्या घरात बरंच काही बदललं. भाऊजी गोळ्या घेतात, ज्वारीची भाकरी खातात, संध्याकाळी फिरायला आता वहिनीही बरोबर असतात. सोमेश्वरपर्यंत जातात दोघं. परत यायला उशीर होतो. कारण आम्ही विचारत नाही. इन्स्पेक्टर म्हणतात, विचारून घे. मी म्हणते, सगळ्याच गोष्टी काट्यावर घालायच्या नसतात.

उरलेले लाडू आमच्याकडे आले. ते आम्ही खाल्ले, मला दीड किलोला पडले. राहता राहिला डबा. अर्ध्याच्या वर भरलेला, वर ते सात घोडे. अडीच हजारांचा माल टाकवेना, कुणाला द्यायचा तर नावानिशी गल्लीभर होणार. तेव्हा आजींनीच मार्ग काढला. डबा उचलला, शेवग्याच्या बुंध्याशी सगळी पूड ओतली आणि वर तांब्याभर पाणी घातलं. "घे बाबा. तुझी बी ताकद वाढू दे."

भाद्रपदातल्या वादळात त्याची मोठी फांदी मोडली होती. ठिसूळच लाकूड ते. त्यामुळे माळ्यानं तेव्हाच त्याला निम्म्यावर छाटलं होतं आणि छाटल्यावर शेवगा फुटतोच, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते. माघात फुलांनी पांढराफेक झाला, आणि शिमग्याला शेंगा धरल्या त्या एवढ्या, की आमच्या बाजूची फांदी भिंतीवर लोळायला लागली. एक शेंग इन्स्पेक्टरांनी पट्टी लावून मोजली. दीड हाताच्या वर भरली.

आता चेन्नईहून विहीणबाई येणार आहेत पाडव्याला. आमटी कशाची करू, विचार करतेय.